कोसळणाऱ्या तक्त्याचा शोध

संगणकाच्या पडद्यावर पुस्तकांची यादी दिसत असावी, ती खालीं सरकवितांच सगळा प्रोग्रॅम एकाएकीं बंद पडावा आणि दुपारभर टंकलेलें काम नाहींसें व्हावें, असा प्रसंग आमच्या एका माजी विद्यार्थ्यावर आला. प्रोग्रॅम ॲपलच्या मॅक संगणकासाठीं, ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेंत, जुन्या धर्तीवर लिहिलेला होता. दोष तक्त्याचाच, असें तो धरून बसला. त्यानें यादीच तोकडी केली. अपघात कमी झाले, दोष मात्र राहिला.

वास्तविक तक्त्याला, म्हणजे टेबल व्ह्यूला, स्वतःचें ज्ञान मुळींच नसतें. ओळी किती, पांचव्या ओळींत काय लिहावयाचें, हें तो डेटा सोर्स नांवाच्या दुसऱ्या वस्तूस विचारतो. आतां मेमरींतील प्रत्येक वस्तूचा हिशेब असतो: जो तिला धरतो तो आंकडा एकानें वाढवितो, सोडणारा एकानें कमी करितो. आंकडा शून्य झाला कीं तिची जागा मोकळी. जुना तक्ता डेटा सोर्सला असा मोजून धरीत नसे; केवळ त्याचा पत्ता ठेवी. मालकानें डेटा सोर्स सोडला कीं घर रिकामें होई, पण तक्ता त्याच दारावर हांक मारीत राही. नवा भाडेकरू आला नसेल तर जुन्या सामानावरूनच उत्तर मिळे आणि सर्व ठीक भासे. आला असेल तर प्रोग्रॅम कोसळे. म्हणूनच हा दोष दहा वेळां लपतो आणि अकराव्या वेळीं, तोहि बहुधा दुसऱ्याच्या संगणकावर, प्रकट होतो.

शोधाचा उपाय मौजेचा आहे. ‘झोम्बी’ ही सोय चालू केली कीं मेलेल्या वस्तूच्या जागीं जणूं एक पहारेकरी उभा राहतो. कोणी हांक मारतांच तो मृत वस्तूचा प्रकार आणि विचारलेला प्रश्न, दोन्ही सांगतो. (तपास संपतांच ही सोय बंद करावी, नाहींतर मेमरी भरत जाते.) आमच्या विद्यार्थ्याचा डेटा सोर्स असा सांपडला. तो त्यानें खिडकीच्या मालकाकडून धरवून ठेविला, आणि मालक संपतेवेळीं तक्त्याजवळचा पत्ता पुसण्याची व्यवस्था केली.

२०११ सालापासून आंकडे वाढविण्या-घटविण्याचें काम कंपायलरनें पत्करलें आहे. अलीकडच्या तक्त्याजवळचा पत्ताहि वस्तु मरतांच आपोआप पुसला जातो. असा तक्ता कोसळत नाहीं, नुसता रिकामा दिसतो. तो रिकामा कां, हें मात्र तरीहि शोधावेंच लागतें.