कार्डावर न छापलेली तारीख

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखल्याला मॉईल कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. कायद्याप्रमाणे अशा खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते, कारण कोणत्याही घटकेला खाली नेमकं कोण आहे हे वर सांगता आलं पाहिजे. माणूस वर आला की त्याची नोंद संपते. दुसऱ्या दिवशी उतरायचं तर पुन्हा हजेरी. तीस वर्षं याच खाणीत काम केलंय, हे तिथे उत्तर होत नाही.

देशांच्या सीमाही बऱ्याचशा याच हिशेबाने चालतात. फक्त विमानतळावरच्या झगमगाटात ते जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा समोर बसलेला अधिकारी पासपोर्टाची पानं जरा जास्तच सावकाश उलटत असतो.

समजा, या खाणीतून निवृत्त झालेला एक फोरमन आहे. मुलगा अमेरिकेत गेला, यथावकाश तिथला नागरिक झाला. एकवीस वर्षांवरच्या अमेरिकी नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येतं आणि या नात्याला वार्षिक कोट्याची अट नाही. त्यामुळे भावाबहिणींसाठी लागते तशी वर्षानुवर्षांची रांग इथे नसते. कार्ड हातात येतं. त्यावर मुदत छापलेली असते दहा वर्षांची. वडील म्हणतात, चला, दहा वर्षांची निश्चिंती झाली. मनात येईल तेव्हा नातवंडांकडे, मनात येईल तेव्हा धानाच्या बांधावर.

इथेच गंमत आहे. दहा वर्षांची मुदत आहे ती प्लास्टिकच्या कार्डाची. त्या कार्डाने दिलेल्या कायम रहिवाशाच्या दर्जाची मुदत कुठेच छापलेली नसते. ती माणूस अमेरिकेबाहेर पडला की चालू होते आणि तो परतला की थांबते.

भंडाऱ्याच्या माणसाने हा हिशेब धानाच्या हंगामावर मांडून पाहावा. रोवणी आषाढात, कापणी दिवाळीच्या आगेमागे. रोवणीला आलेला माणूस धान घरात आल्यावर परत निघाला, तर साधारण पाच महिने झाले. तोवर काही अडत नाही. पण मग पुतणीचं लग्न निघतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं, सातबाऱ्यावरच्या नावाचं काम तलाठ्याकडे अडतं. सलग 180 दिवस उलटले की अमेरिकी कायद्याच्या नजरेत चित्र पालटतं. तोपर्यंत हा माणूस ‘घरी परतणारा’ होता. आता त्याच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येतं, आणि तसं पाहिलं की प्रश्नही वाढतात. वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. कार्डावरची दहा वर्षं मात्र तशीच दिसत राहतात.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे दिवस हा सगळा हिशेब नाही. खरा प्रश्न मनाचा आहे: तुमचं घर कुठे आहे असं तुम्ही मानता? मन तर पासपोर्टात दिसत नाही. म्हणून कायदा ते खुणांवरून वाचतो. तिथे बँक खातं आहे का, गाडीचा परवाना आहे का, पत्ता कुणाचा, औषधं कुठून घेता, परतीचं तिकीट कोणत्या दिशेचं काढलं होतं. दर चार महिन्यांनी आठवडाभर अमेरिकेत डोकावून परत चिखल्याला येणारा माणूस एकदाही 180 दिवस ओलांडत नाही, तरी त्याचं घर चिखल्यालाच आहे असा निष्कर्ष निघू शकतो. उलट, आठ महिने आजारी आईजवळ राहिलेल्या माणसाने दवाखान्याची कागदपत्रं पुढे ठेवली, तर त्याचं घर अमेरिकेतच होतं हे मान्य होऊ शकतं. एरवी अंगठा आणि शिक्का मोजणारी यंत्रणा इथे माणसाच्या इराद्याचा शोध घेते.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कर. ग्रीन कार्डधारक वर्षभर तुमसरला राहिला तरी अमेरिकेला तो आपला रहिवासी करदाताच वाटतो. तुमसरच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. दोन देशांतल्या करारामुळे एकाच रकमेवर दोनदा कर बसू नये याची सोय आहे, पण दाखवावं लागतंच. हे टाळायला कुणी ‘मी अनिवासी’ म्हणून विवरणपत्र भरलं, तर थोडे डॉलर वाचतात आणि आपणच आपल्या विरुद्ध पुरावा लिहून दिलेला असतो.

लांबच्या मुक्कामासाठी कायद्याने एक पूल बांधून ठेवला आहे: पुनर्प्रवेश परवाना. अर्जाचं नाव आय-131. परवाना दिसतो थेट पासपोर्टासारखा, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. ती वाढवून मिळत नाही, दुसरा हवा तर नव्याने अर्ज. यातली मेख अशी की अर्ज करताना माणूस अमेरिकेच्या भूमीवर असावा लागतो. चिखल्याला पोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. अर्ज केला, बोटांचे ठसे दिले की निघायला हरकत नाही. पुस्तिका भारतातल्या अमेरिकी दूतावासातून किंवा वाणिज्य दूतावासातून घेता येते. तीही न काढता वर्ष उलटलं, तर उरतो परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा. त्यात मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे दाखवून द्यावं लागतं. आणि विमानतळावर कुणी दर्जा सोडल्याचा आय-407 अर्ज पुढे केला, तर त्यावर सही करणं ऐच्छिक असतं. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचा हक्क राहतो. थकलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या ज्येष्ठाला निघण्याआधी एवढी एक गोष्ट घरच्यांनी जरूर सांगून ठेवावी.

अमेरिकेत दर्जा हळूहळू झिजतो. थायलंडमध्ये तो एका शिक्क्यात संपतो. पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला तिथे निवृत्तीचा मुक्काम मिळतो. त्यासाठीची एक वाट म्हणजे थाई बँकेत आठ लाख बाट ठेवायचे आणि दर वर्षी मुक्कामाची परवानगी वाढवून घ्यायची. पण ही परवानगी आहे राहण्याची. परत येण्याची परवानगी वेगळी आणि ती विकत घ्यावी लागते: एका फेरीला 1,000 बाट, हव्या तितक्या फेऱ्यांना 3,800 बाट. ती न घेता कुणी चार दिवस सिंगापूरला गेला, तर बाहेर पडल्याचा शिक्का बसताच उरलेल्या अकरा महिन्यांचा मुक्काम तिथेच विरतो. बँकेतले आठ लाख शाबूत, भाड्याचं घर शाबूत, आणि माणूस मात्र कागदोपत्री नवा पाहुणा.

परत येण्याच्या या परवान्याचा शिक्का पासपोर्टात जवळून पाहण्यासारखा असतो. त्यावर क्रमांक असतो आणि शेवटची तारीख असते. ती मूळ मुक्कामाच्या तारखेपलीकडे जात नाही. परवाना मुक्काम वाढवत नाही, आहे तो जपतो. परत येताना अधिकाऱ्याची नजर चुकून त्या पानावर गेली नाही, तर तो साधा पर्यटकाचा शिक्का मारून मोकळा होतो. म्हणून तिथले जुने मुरलेले निवृत्त लोक खिडकीसमोरून हलण्याआधी ताज्या शिक्क्यातली तारीख वाचून घेतात. तिथल्या तिथे दुरुस्ती सोपी असते. सामान घेऊन बाहेर पडल्यावर तीच गोष्ट कचेरीच्या खेपा घालायला लावते.

हे वाचल्यावर आपल्याकडे पाहावं. फोरमनच्या अमेरिकी मुलाला भारताचं ओसीआय कार्ड मिळतं. 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर ही सोय सुरू झाली. त्यावर आयुष्यभर कितीही वेळा यावं, कितीही दिवस राहावं. वीस वर्षं फिरकला नाही म्हणून दार बंद होत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येऊ शकते. म्हणजे एकाच घरात मुलगा भारतापासून कितीही काळ लांब राहू शकतो आणि बापाला अमेरिकेपासून लांब राहण्याचे दिवस मोजावे लागतात. भारताचं ओसीआय कार्ड नातं कुठून आलं ते पाहतं, तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड नातं आज कुठे नांदतंय ते.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेचं पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो आता दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. परदेशातल्या भारतीय वकिलातीतूनही तो देता येतो. पेन्शन कार्यालयाला हवं असतं ते एवढंच, की माणूस जिवंत आहे. तो चिखल्याला आहे की शिकागोला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अमेरिकेला तुमच्या हयातीची शंका नसते, ती हयात कुठे चाललीय ते तिला जाणून घ्यायचं असतं.

तेव्हा परतीचं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून मुक्काम तीन आठवडे लांबवण्याआधी कॅलेंडर पुढे घ्यावं आणि निघाल्याच्या दिवसापासून मोजावं. तारीख बदलण्याचे किती पैसे पडतील ते विमान कंपनी लगेच सांगते. 180 वा दिवस कोणता, ते आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.