विश्लेषण : डायव्हिंगची बेटसफर तिथी पाहून का आखावी?

वसई किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्याला समुद्र रोजचाच. तरीही इथल्या तरुणाला स्कूबा डायव्हिंग शिकायचे तर मालवणच गाठावे लागते. दिवाळीनंतर एकाच सुट्टीत दोन-तीन बेटे पाहण्याचे बेत सुरू होतात. बहुतेकदा आधी हॉटेल आणि तिकिटे ठरतात, समुद्राचा विचार शेवटी होतो. खरे तर हा क्रम उलटा हवा.

पाचूबंदरला डायव्हिंग का होत नाही?

वसईची खाडी उल्हास नदीचा गाळ घेऊन इथेच समुद्राला मिळते. शिवाय खंबातच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. मुंबई परिसरात मोठ्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते, तेव्हा तळाचा गाळ सतत ढवळला जातो आणि पाण्याखाली काहीच दिसत नाही. मालवणला ही तफावत बरीच कमी असते, तळही अनेक ठिकाणी खडकाळ आहे.

कॅरिबियनशी तुलना का चुकते?

परदेशी बेटसफरींचे व्हिडिओ पाहून तसाच बेत इथे आखला जातो. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतील फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. त्यामुळे तिथे कोणत्या बेटावर आधी जायचे, हे प्रामुख्याने विमाने आणि बोटींच्या वेळांवरून ठरवता येते. आपल्याकडे ते चंद्रावरून ठरवलेले बरे.

तिथीचा हिशेब काय?

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते. प्रवाह जोरात असतो, पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी कमी चढते, कमी उतरते आणि तुलनेने निवळ राहते. नवशिक्यांसाठी हेच दिवस सोयीचे.

भरतीच्या वेळेचाही जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. हे गणित मुंबई-वसईपुरते आणि अंदाजाचे. दक्षिणेकडे वेळ बदलते, तिथे स्थानिक तक्ताच पाहावा.

बेटांचा क्रम कसा लावावा?

षष्ठीला अर्णाळा. विरारजवळच्या या बेटावर किल्ला आणि कोळी वस्ती आहे. इथे डायव्हिंग नाही, पण लहान होडीचा प्रवास कितपत सोसतो, हे घराजवळच कळते. रात्री कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली आणि तिथून मालवण.

सप्तमी ते नवमी मालवण. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला, कर्ली खाडीत कयाक आणि पहिली डुबकी. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, त्यामुळे प्रवाळाला हात लावणे टाळावे. तारकर्लीत एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

त्यानंतर अनुभव आणि दिवस हाताशी असतील तर कर्नाटकातील नेत्राणी. मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून हे बेट सुमारे १९ किलोमीटर आत आहे. मुर्डेश्वरला कोकण रेल्वेचे स्थानक असल्याने गाडी न बदलता परतीचा मार्गही त्याच रुळांवर आखता येतो.

शेवटचा दिवस रिकामा का ठेवावा?

खोल पाण्यात दाबामुळे श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून विमानप्रवासाआधी एका डुबकीनंतर किमान १२ तास, तर अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. मालवणहून घाटमार्गे परतणाऱ्यांनाही हा सल्ला लागू पडतो. ट्रेक करायचा असेल, तर तो डायव्हिंगच्या आधी उरकावा.

काय तपासावे?

मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यामुळे पाण्याखालच्या सुरक्षेइतकाच बोटीचा परवाना, प्रवासीसंख्या आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का, हे पाहणे गरजेचे. प्रशिक्षण नसलेल्यांना १२ मीटरच्या खाली नेले जाऊ नये. प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची मर्यादा १८ मीटर. दमा, हृदयविकार असल्यास डॉक्टरांची परवानगी घ्यावी. साधी सर्दी असली तरी कानातील दाब समतोल होत नाही, त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत राज्यात जलक्रीडा बंद असतात. एरवीही समुद्र खवळला की डुबकी रद्द होते. पैसे परत मिळणार का, की दुसरा दिवस मिळणार, हे बुकिंग करतानाच लेखी घ्यावे. म्हणजे पैसे बुडतील या भीतीने खवळलेल्या पाण्यात उतरण्याची वेळ येत नाही.