बीडची शांत गावं

वेरूळ-अजिंठ्याला आलेला पाहुणा छत्रपती संभाजीनगरहूनच परततो. परळी वैजनाथला गाड्या भरून येतात, दर्शन होतं, गाड्या निघतात. बाकीचा बीड जिल्हा कोणाच्या सहलीत नसतो. रेल्वेसुद्धा बीड शहरात पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीही सध्या अहिल्यानगरपर्यंतच. परळीकडचा जोड अजून व्हायचा आहे.

पण रमजानच्या या दिवसांत, हवा तापण्याआधी, दोन दिवस काढून बीडला जावं असं खूप काही तिथं आहे.

सुरुवात शहराजवळच्या खजाना विहिरीपासून करावी. मुर्तजा निजामशहाच्या काळात, 1582 साली, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली. बांधणारा कारागीर राजा भास्कर. विहिरीतलं पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या जोरावर, बलगुजार भागातल्या शेतांकडे जातं. ना मोट, ना पंप. दुष्काळातही ही विहीर आटत नाही अशी तिची ख्याती आहे. पाण्याच्या जागेला ‘खजाना’ का म्हणावं, हे बालाघाटच्या डोंगराखाली कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवसभर रोजा धरलेल्याला तर नाहीच.

शहरातच बिंदुसरेच्या अलीकडे-पलीकडे इतिहास पसरलेला आहे. कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आहे, पूर्वेच्या टेकडीवर शहेनशाह वली यांचा दर्गा आहे. आणि मन्सूरशाह वलींचा दर्गा. ग्वाल्हेरचे महादजी शिंदे या मन्सूरशाहांना गुरू मानत, आणि शिंदे घराण्याने त्यांचा उरूस पुढे ग्वाल्हेरातही चालू ठेवला. पानिपतानंतर मराठ्यांचा दबदबा दिल्लीत पुन्हा बसवणारा सरदार बीडच्या एका फकिरापुढे मान झुकवत होता, हे शाळेच्या पुस्तकात का नसावं, कोण जाणे.

शहर सोडून पाटोदा, शिरूर कासार, धारूरच्या बाजूला वर चढलं की रस्ता रिकामा होतो. मुरमाड जमीन, सीताफळाची झुडपं, कुठं ज्वारीची काढणी चाललेली. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोरांचा आवाज लांबवर ऐकू येतो, कारण त्यात मिसळायला दुसरा आवाजच नसतो. शहरातून आलेला माणूस म्हणतो, किती शांत आहे इथं!

ही शांतता जरा नीट पाहायला हवी. अनेक घरांना कुलपं दिसतात. ओट्यावर म्हातारी माणसं, आणि आजीच्या भरवशावर मागे ठेवलेली लेकरं. गावातली कर्ती माणसं फडावर आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नाहीतर कर्नाटकात, ऊस तोडायला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी निघते आणि पाच-सहा महिने परतत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकाने जरी दिवस पाडला तरी खाडा लागतो. 2019 मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, त्याच्या मुळाशी हा खाडाही होता. पाळीच्या दिवसांतली सुट्टीसुद्धा परवडत नव्हती.

टोळ्यांमध्ये वंजारी, बंजारा, दलित, मराठा आहेत, थोडी मुस्लिम घरंही आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे सध्या तो गाळप हंगामात येतो आहे, आणि पुढची काही वर्षं तसाच येत राहील. कोपीत तशीही पहाटे तीन-चारला चूल पेटते. रोजेदाराची सहरी त्याच चुलीवरच्या भाकरीवर होते. नंतर दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, तेही पाण्याच्या घोटाशिवाय. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. काही जण ती घेतात आणि राहिलेले रोजे घरी परतल्यावर पुरे करतात. काही मात्र फडातच रोजा धरतात. वर्षातला जवळजवळ अर्धा काळ बाहेर काढणाऱ्याला मुसाफिर म्हणावं की नाही, हा प्रश्न मौलवींपेक्षा साखरेचं अर्थकारण चालवणाऱ्यांना विचारायला हवा.

इफ्तारच्या शरबतात, ईदच्या शिरखुर्म्यात साखर असतेच. गुढीपाडव्याची गाठी तर नुसती साखर. 2026 मध्ये पाडवा आणि ईद पाठोपाठच येतात, आणि दोन्ही सणांची साखर बहुधा याच लोकांच्या हाताखालून गेलेली असते. बीडच्या गावात थांबून चहा मागितला तर तोही गोडच मिळतो. पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं तिकडं बरं मानत नाहीत.

जाणाऱ्यांनी गावात मुक्कामाच्या सोयीची फार अपेक्षा ठेवू नये. राहायला बीड किंवा अंबाजोगाई बरं. अंबाजोगाईत योगेश्वरीचं मंदिर आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, आणि शहराला निवांतपणाही आहे. आतल्या गावांसाठी एसटी असते, पण परतीची गाडी आधी विचारून ठेवावी. बंद घरांचे फोटो काढण्यापेक्षा ओट्यावरच्या म्हातारीशी बोलावं. ‘कुठलं गाव?’ हा पहिला प्रश्न तीच विचारते. मुलगा कोणत्या कारखान्याला गेला आहे, हेही न विचारता सांगते.

गावं भरलेली पाहायची तर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर जावं. भांडी, बिछाने, कोंबड्या, लेकरं असा अख्खा संसार ट्रॉलीवर लादून टोळ्या परततात. मग लग्नं, जत्रा, घराची डागडुजी, सावकाराचा हिशेब, सगळं पावसाआधी उरकायचं असतं. ऊन तेव्हा भाजून काढतं. आणि ज्या सीताफळासाठी बीडला भौगोलिक मानांकन मिळालं, ते खायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं. डोंगरात फळं डोळे उघडत असतात, त्याच आठवड्यांत खाली गावात ट्रॉल्या भरायला लागलेल्या असतात.