हिरवे टिंब, लाल रेघ

दिवाळीची साफसफाई हे मोठे धोक्याचे काम आहे. तांब्याची भांडी काढावीत म्हणून माळ्यावर चढावे, हाताला भलतेच काही लागावे, आणि मग भांडी राहतात बाजूला. गेल्या वर्षी माझे असेच झाले. जुन्या पासबुकांच्या पुडक्यातून एक चौकोनी काळी फ्लॉपी खाली पडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'सभासद, १९९४'. हल्ली फोनवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही, पण त्या काळी आमच्या अख्ख्या पतसंस्थेचे सभासद तिच्यात गुण्यागोविंदाने राहत होते.

मी पुण्यातील एका लहानशा सहकारी पतसंस्थेत कारकून होते. १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारने संगणकाविषयीचे धोरण सैल केले, आणि दोन-चार वर्षांत पेठापेठांतून 'कॉम्प्युटर क्लास'च्या पाट्या झळकू लागल्या. १९८८ साली आमच्या संचालक मंडळानेही एक यंत्र घेण्याचे ठरवले. शिकायला कोणाला पाठवावे? पुरुष मंडळी म्हणाली, टायपिंगचेच काम ते, बाईंना पाठवा. अशा रीतीने माझी निवड झाली. गुणवत्तेचा प्रश्न कोठेच आला नाही.

यंत्र आले त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच्यासाठी काचेची खोली केली, तीत वातानुकूलन बसवले. व्यवस्थापक मात्र पूर्वीसारखेच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. खोलीबाहेर चपला काढायच्या, अशी सक्त ताकीद होती. धूळ यंत्राला सोसत नाही, हे कारण खरेच. पण आत शिरताना माणसे नकळत हातही जोडत. या देवाची स्मरणशक्ती किती? ६४० केबी. पोटात २० एमबीची हार्ड डिस्क, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे.

क्लासात आम्हांला शिकवले ते 'डीबेस थ्री प्लस'. आमच्या मास्तरांची फ्लॉपी कोणाच्या तरी फ्लॉपीची प्रत होती, ती आणखी कोणाची. विकत घेतलेली मूळ प्रत मी उभ्या जन्मात पाहिली नाही. त्या वेळी त्यात काही वावगे आहे हे कोणाच्या मनातही येत नसे. आता येते.

डीबेस सुरू केले की पडद्यावर एक टिंब येई. नुसते टिंब. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, माउस नाही. टिंबापुढे तुम्ही आज्ञा लिहायची. 'यूज मेंबर' म्हटले की सभासदांचे बाड उघडे. 'लिस्ट' म्हटले की नावे सरसर खाली धावत. ज्यांची बाकी ५०० हून जास्त तेवढेच दाखव म्हटले, तर तेवढेच दाखवी. इंग्रजी चौथी झालेल्यालाही कळाव्यात अशा आज्ञा होत्या. मला गणिताची पदवी नव्हती. पण तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःचा प्रोग्रॅम लिहून त्याच्याकडून व्याज काढून घेतले. त्या रात्री घरी येऊन मी आमटीत मीठ दोनदा घातले.

हे डीबेस जन्माला आले तेही कचेरीतल्या एका हौसेपोटी. अमेरिकेत पॅसाडीना येथे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. अंतराळयाने पाठवते तीच. तेथे काम करणारे वेन रॅटलिफ यांना १९७८ च्या सुमारास कचेरीतल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायच्या होत्या. वर्तमानपत्रांतले आकडे हाताने जुळवून ते कंटाळले. प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकावर जेपीएलडिस नावाची माहिती साठवण्याची एक पद्धत होती. तिच्या धर्तीवर त्यांनी सुटे भाग जोडून केलेल्या घरच्या यंत्रासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला, आणि 'स्टार ट्रेक' या मालिकेवरून त्याचे नाव ठेवले व्हल्कन. त्यांच्या हातून तो फारसा खपला नाही. पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघांनी तो 'डीबेस टू' म्हणून विकायला काढला. 'वन' कधी नव्हतेच. सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती वाटावी म्हणून 'टू'! त्यांच्या कंपनीचे नाव अ‍ॅश्टन-टेट. आणि अ‍ॅश्टन नावाचे कोणी गृहस्थ त्यात नव्हते. मागाहून कचेरीत पाळलेल्या पोपटाला ते नाव दिले म्हणतात. धंद्याची ही अक्कल आमच्या संचालकांना असती, तर संस्था कोठल्या कोठे गेली असती.

असो. सांगायचे आहे ते अण्णांविषयी.

अण्णा आमचे हिशेबनीस. धोतर, काळी टोपी, कानाला टाक अडकवायची सवय सुटली तरी हात अधूनमधून कानाकडे जायचा. खतावणीतले त्यांचे अक्षर छापल्यासारखे. सहामाही व्याजाची आकारणी करायला त्यांना आठ दिवस लागत. माझ्या यंत्राने ती एका रात्रीत केली, आणि त्यातला बराचसा वेळ छपाईयंत्राच्या करकरीत गेला. सकाळी अण्णांनी ते लांबलचक भोके पाडलेले कागद घेतले, पेन्सिल घेतली, आणि दुपारी माझ्यापुढे आणून ठेवले.

"बाई, सात जूनला ठेव ठेवणाऱ्याला सहा जुलैपासून व्याज? का बरं?"

यंत्र अमेरिकन, त्याच्या लेखी महिना आधी आणि तारीख मागून. त्यावर उपाय म्हणजे 'सेट डेट ब्रिटिश' अशी आज्ञा. इंग्रजाला जाऊन चाळीस वर्षे लोटल्यावर सदाशिव पेठेत मी त्याला असे परत बोलावले. अण्णा हसले नाहीत.

नावांचा घोळ निराळाच. दीक्षित कोणी 'एक्स' घालून लिहिलेले, कोणी 'केएसएच' घालून. एक शोधावा तर दुसरा सापडेना. पडद्यावर देवनागरी उमटवणारे 'जिस्ट' कार्ड पुण्यातच, सी-डॅककडे, मिळू लागले होते. पण ते आमच्या अंदाजपत्रकात बसले नाही.

एक दिवस अण्णा काचेच्या खोलीत आले. चपला बाहेर काढून, अंग चोरून उभे राहिले. म्हणाले, "गेलेला सभासद तुमच्या यंत्रात कसा पुसता?"

मी 'डिलीट' लिहून दाखवले, मग 'लिस्ट' केले. नाव तेथेच होते, फक्त त्याच्याआधी एक चांदणी आली होती. डीबेसमध्ये प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक घर मोकळे असते. पुसले म्हणजे त्या घरात चांदणी बसते, इतकेच. 'रिकॉल' म्हटले की चांदणी जाते, माणूस परत. कायमचे काढायचे तर 'पॅक' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

अण्णा कितीतरी वेळ त्या चांदणीकडे पाहत राहिले. "म्हणजे आमची लाल रेघच की हो," ते म्हणाले. खतावणीत खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक सरळ लाल रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी छोटी सही. हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. "मग ते पॅक का काय, ते करू नका. मेलेल्या माणसाचंही खातं वाचता आलं पाहिजे."

मी कबूल केले. त्या दिवसापासून ते यंत्राला 'तो' न म्हणता 'हे' म्हणू लागले.

१९९० च्या पावसाळ्यातली गोष्ट. काही करायला गेले की डीबेस 'खरेच करू का?' असे विचारी, त्याचा मला वैताग येई. म्हणून 'सेट सेफ्टी ऑफ' ही आज्ञा प्रोग्रॅमच्या डोक्यावरच लिहून ठेवली होती. एका संध्याकाळी एक तात्पुरती फाइल रिकामी करायची होती. 'झॅप' लिहिले. उघडी होती ती मात्र सभासदांची फाइल. यंत्राने काही विचारले नाही. 'लिस्ट' केले, टिंब आले. पुन्हा केले; पुन्हा टिंब. अठराशे माणसे गेली, एक चांदणीसुद्धा मागे राहिली नाही. राखीव फ्लॉपी काढली, तर तिला बुरशी लागलेली.

मी चपला हातात घेऊन अण्णांकडे गेले, हे मला पक्के आठवते. पायांत घालायचे सुचलेच नाही.

हाताने लिहिणे बंद करावे, असे संचालकांनी अण्णांना सहा महिन्यांपूर्वीच कळवले होते. अण्णांनी कपाट उघडले. खतावणी आदल्या दिवसापर्यंत पुरी होती. घरी नेऊन रात्री लिहीत असत. "सवय," एवढेच म्हणाले. मग तीन रात्री ते वाचत गेले आणि मी टंकत गेले: नाव, पत्ता, जन्मतारीख, भाग, बाकी. तिसऱ्या रात्री स्वतःचा क्रमांक आला तेव्हाही त्याच सुरात वाचले. चौथ्या दिवशी तेरीज पैशासकट जुळली. ही हकीकत त्यांनी कोणालाही सांगितली नाही.

१९९१ मध्ये अण्णा निवृत्त झाले. भिंतीवरचे घड्याळ आणि शाल देऊन सत्कार झाला. जागा भरायची नाही, असा ठराव पुढच्याच सभेत झाला. 'यंत्रामुळे आता आवश्यकता नाही' असे त्यात शब्द होते. इतिवृत्त मीच टंकले. अण्णांचा मुलगा तेव्हा नोकरी शोधत होता, आणि या जागेवर त्याचा डोळा होता, हे मला माहीत होते. मी काही बोलले नाही. बोलून उपयोग झाला नसता, असे मी स्वतःला बरीच वर्षे समजावले.

डीबेसचेही दिवस फिरले होते. १९८८ ची चौथी आवृत्ती चुकांनी भरलेली निघाली, आणि १९९१ मध्येच अ‍ॅश्टन-टेट बोरलँड कंपनीने विकत घेतली. आम्ही फॉक्सप्रोवर गेलो. ते पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या घरी गेले, आणि २००७ मध्ये नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर झाले. मात्र डीबेसचा तो फाइलींचा साचा अजून जिवंत आहे. नकाशांच्या 'शेपफाइल' नावाच्या संगणकीय बाडात गावांची नि रस्त्यांची नावे त्याच साच्यात ठेवतात.

म्हणूनच मुलाने मित्राकडून फ्लॉपी वाचायची डबी आणली, तेव्हा माझी फाइल उघडली. त्याने ती साध्या मजकुरासारखी उघडली होती. ओळी मोडलेल्या, नावे एकाला एक चिकटलेली, तारखा आठ आकडी, आणि मधूनमधून चांदण्या. एकदाही पॅक केले नव्हते.

"आई, हे पुसलेले लोक का?" त्याने विचारले. मी हो म्हटले. तो वाचत गेला. एकशे चौदाव्या क्रमांकाला थांबला. चांदणी, मग अण्णांचे पूर्ण नाव, नारायण पेठेतला पत्ता, १९३३ ची जन्मतारीख, बाकी शून्य. निवृत्तीनंतर त्यांनी भाग परत घेऊन खाते बंद केले होते. चांदणी मीच बसवली होती.

आडनावात एक अक्षर चुकले होते. मध्यरात्री टंकताना मीच चुकले असणार. पुढे वर्षभर त्यांच्या खातेउताऱ्यांवर ते तसेच छापले गेले असेल, आणि अण्णांच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते.

"नीट करू का?" मुलाने विचारले.

मी म्हटले, "नको. न बदलता बंद कर."