विश्लेषण : हाक आली, तरी जागा आहे का ते पुन्हा बघा! संगणकातील थ्रेड वाट कशी पाहतात?

सुट्या लागल्या की नागझिऱ्याच्या जंगलात वाघ पाहायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. पण १९७० मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात प्रत्येक प्रवेशद्वारातून ठरावीक गाड्याच आत सोडल्या जातात. जागा मोजक्या आणि मागणारे अनेक, हाच पेच संगणकाच्या आतही असतो. तो सोडवणारे साधन म्हणजे ‘कंडिशन व्हेरिएबल’. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि नोकरीत त्यावरच अडखळतात.

थ्रेड म्हणजे काय?

एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना थ्रेड म्हणतात. आरक्षणाच्या सर्व्हरवर असे अनेक थ्रेड ग्राहकांच्या विनंत्या हाताळतात. डेटाबेसपर्यंत नेणाऱ्या जोडण्या मात्र मोजक्या असतात. सर्व जोडण्या वापरात असतील तर उरलेल्या थ्रेडना थांबावे लागते.

नुसते कुलूप का पुरत नाही?

समजा, गेटवर एक नोंदवही आहे. आत जास्तीत जास्त दहा गाड्या आणि वही एका वेळी एकाच्याच हातात, असा नियम आहे. ही वही हाताळण्याचा हक्क म्हणजे ‘लॉक’. अकराव्या गाडीचा चालक वही उघडतो, तर आत दहा गाड्या. वही धरूनच तो बसून राहिला, तर बाहेर येणाऱ्या गाडीची नोंद होणार कशी? सगळेच अडकतील. वही ठेवून दर मिनिटाला पुन्हा मागितली, तर काम अडत नाही. पण हेलपाटे फुकट. संगणकात असे हेलपाटे प्रोसेसरचा वेळ आणि मोबाइलची बॅटरी खातात.

मग उपाय काय?

चालकाने वही परत द्यावी आणि झोपावे. गाडी बाहेर आली की हाक मारून उठवले जाईल. वही देऊन झोपणे म्हणजे ‘वेट’, हाक मारणे म्हणजे ‘सिग्नल’ किंवा ‘नोटिफाय’. थांबलेल्या सगळ्यांना उठवायचे असेल तर ‘ब्रॉडकास्ट’.

वही देणे आणि झोपणे या दोन क्रियांमध्ये फट राहता कामा नये. वही दिल्यावर, पण झोपणाऱ्यांत नाव लागण्याआधीच हाक येऊन गेली, तर ती वाया जाते. ती कुठेही साठवली जात नाही. नंतर दुसरी हाक आलीच नाही, तर चालक कायमचा झोपून राहील. म्हणूनच ‘वेट’ ही दोन्ही कामे एका दमात करते.

‘इफ’ की ‘व्हाइल’?

खरी गोम इथे आहे. हाक ऐकून चालक उठला. पण वहीपर्यंत पोहोचण्याआधी नुकत्याच आलेल्या दुसऱ्या गाडीने ती जागा घेतली. उठलेल्याने वही न पाहता गाडी आत घातली, तर दहाच्या अकरा होतील. म्हणून ‘जागा नसेल तर थांब’ हा ‘इफ’ चालत नाही. ‘जागा नाही तोवर थांबत राहा’ हा ‘व्हाइल’ लागतो. शिवाय काही वेळा थ्रेड कुणी हाक न मारताही जागा होऊ शकतो. जावा आणि पॉझिक्स या दोन्ही मानकांत तशी स्पष्ट सूचना आहे.

टोनी होअर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेत हाक मिळालेला थ्रेड लगेच पुढे जात असे, मध्ये कुणी घुसू शकत नसे. झेरॉक्सच्या ‘मेसा’ भाषेने ही हमी काढून टाकली. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० च्या शोधनिबंधात हाक म्हणजे केवळ इशारा, असे मांडले. जावा आणि सी प्लस प्लस आज याच वाटेने चालतात.

एवढी काळजी कशाला?

कारण ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर दोन-चार थ्रेड चालवले तर सगळे सुरळीत दिसते. क्रम नेमका चुकीचा जुळून येण्याची शक्यता वाढते ती गर्दीच्या वेळी, म्हणजे हजारो लोक त्याच प्रोग्रामवर विसंबून असताना. प्रोग्राम बंद पडेलच किंवा चुकीचा संदेश येईलच असे नाही. एखादा थ्रेड जागा नसतानाही गपचूप पुढे जातो आणि दहाच्या अकरा होतात. ‘इफ’च्या जागी ‘व्हाइल’ लिहायला मात्र एकच शब्द बदलावा लागतो.