मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय आणि मराठवाड्याची मीटरगेज

नागपूरच्या मोतीबाग भागात १४ डिसेंबर २००२ रोजी खुले झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय हे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या तुलनेत फारच लहान आहे. मात्र ज्या परिसरात नॅरोगेजची इंजिने आणि डबे दुरुस्त होत असत त्याच परिसरात ते वसलेले असल्यामुळे तेथील वस्तूंना आपल्या मूळ जागेचा आधार मिळाला आहे. आज दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे असलेल्या या संग्रहालयात इंजिने व डबे उघड्यावर मांडलेले आहेत, तर दालनात रेल्वेच्या रोजच्या कामकाजातील उपकरणे ठेवलेली आहेत. एका विशिष्ट मापाच्या रूळमार्गाला वाहिलेले हे संग्रहालय समजून घ्यायचे, तर प्रथम ते मापच समजून घ्यावे लागते.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात मुख्यतः चार गेज वापरात आली: १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज, १००० मिलिमीटरचे मीटरगेज, आणि नॅरोगेज या एकाच नावाखाली मोडणारी ७६२ व ६१० मिलिमीटरची दोन मापे. यांपैकी ६१० मिलिमीटरचा मार्ग नेरळ-माथेरान गाडीमुळे महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. ७६२ मिलिमीटरच्या मार्गाची महाराष्ट्रातली कीर्ती मात्र डोंगरातल्या सहलीमुळे झाली नाही. ती शेतमालाच्या वाहतुकीमुळे झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत असे दाखवून दिले, की गाडीच्या प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसवलेली असते त्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ दिला नाही, तर हलक्या रुळांवरूनही भरघोस माल नेता येतो आणि मार्गाचा खर्च खूप कमी होतो. हीच बार्शी लाइट पुढे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील या शेजाऱ्याची पहिली आगगाडी अशा रीतीने नॅरोगेजची होती, ही गोष्ट आता लातूरकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

मोतीबागेचे संग्रहालय ज्या जाळ्याची आठवण जपते ते बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यात विणलेले जाळे होते. गोंदियाहून नैनपूरपर्यंतचा मार्ग १९०३ मध्ये आणि तेथून जबलपूरपर्यंतचा १९०५ मध्ये सुरू झाला. मंडला, छिंदवाडा, नागपूर आणि नागभीड ही ठिकाणेही त्याला जोडली गेली. घाटातील तीव्र वळणे आणि जंगलातून जाणारी विरळ वस्तीची वाट यांना ७६२ मिलिमीटरचे माप सोयीचे ठरले. या मार्गांसाठी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली सीसी वर्गाची वाफेची इंजिने त्या मापाच्या मानाने खरोखर देखणी होती: पुढे चार लहान चाके, मध्ये इंजिनाला ओढ देणारी सहा मोठी चाके आणि मागे कोळशाच्या भट्टीचा भार पेलणारी दोन चाके. मोठ्या गाडीची पूर्ण रचना लहान आकारात उतरवण्याचे हे कसब पाहिले, म्हणजे नॅरोगेजला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणण्याची सवय किती अन्यायाची आहे हे कळते.

इंजिनाजवळ छायाचित्र काढून परतणारा प्रेक्षक अशा कोणत्याही संग्रहालयात सर्वांत मोलाच्या गोष्टीला मुकतो, कारण रेल्वेचे खरे शहाणपण तिच्या लहान वस्तूंत साठलेले असते. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत यासाठी वापरले जाणारे नीलचे गोळा-टोकन यंत्र हे याचे उत्तम उदाहरण आहे. लागोपाठच्या दोन स्थानकांवर अशी दोन यंत्रे असत आणि ती तारेने परस्परांशी जोडलेली असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्यावाचून यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवी मोठ्या कड्याला अडकवून चालकाच्या हाती दिली जाई. हा गोळा हातात असणे हाच चालकाला पुढे जाण्याचा परवाना असे. न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन पायरीवर वाकून एका हाताने जुने कडे फलाटावर टाकी आणि दुसऱ्या हाताने नवे उचली. त्या क्षणी साऱ्या प्रवाशांची सुरक्षितता त्या एका कड्यात सामावलेली असे.

जाड पुठ्ठ्याच्या तिकिटाचेही तसेच आहे. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्थानक-अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रमांक छापलेले तिकीट आणि त्यावर तारीख उठवणारे यंत्र प्रचारात आणले, आणि भारतीय रेल्वेने ते संगणक येईपर्यंत वापरले. तिकिटावरील क्रमांकामुळे दिवसाअखेर किती तिकिटे विकली गेली हे रकमेशी ताडून पाहता येई. लहान मुलाचे अर्धे तिकीट देताना लिपिक त्याचा ठरलेला कोपरा कापून हिशेबासाठी स्वतःकडे ठेवी. बोटभर पुठ्ठ्यात संपूर्ण हिशेबपद्धती बसवणारी अशी वस्तू काचेआड ठेवली आणि तिचा उपयोग शेजारी लिहिला नाही, तर ती निव्वळ रद्दी ठरते.

मोतीबागेच्या संग्रहालयाचे सर्वांत मोठे श्रेय त्याच्या स्थापनेच्या वेळेत आहे. ते उघडले तेव्हा सातपुड्यातील नॅरोगेज गाड्या अजून धावत होत्या. जबलपूर व छिंदवाडा बाजूचे मार्ग २०१५ मध्ये आणि नागपूरचा इतवारी-नागभीड हा मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. म्हणजे वस्तू गोळा होत असताना त्या वापरणारे सांधेवाले, गँगमन आणि चालक नोकरीत होते, आणि कोणता दांडा कशासाठी हे सांगणारी माणसे हाताशी होती. याच्या उलट मुंबईचे उदाहरण आहे. तेथे विजेवरची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. बेस्ट उपक्रमाचे संग्रहालय, जे आता आणिक आगारात आहे, १९८४ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी अस्तित्वात आले. तेथील प्रतिकृती परिश्रमपूर्वक केलेल्या आहेत, परंतु मुंबईकरांना खरी ट्राम दाखवायची तर ती कोलकात्याहून आणावी लागली.

हा फरक मराठवाड्याने मनावर घेण्यासारखा आहे. निजाम राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ही विसाव्या शतकाच्या आरंभी सिकंदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडला पोहोचली ती मीटरगेजवर. मनमाडला ब्रॉडगेज मार्ग असल्यामुळे तेथे कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती हमालांना एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावी लागत. परभणीहून परळीला जाणारी शाखाही मीटरगेजच होती, आणि परळीला विकाराबादकडून येणारा ब्रॉडगेज मार्ग मिळत असल्याने तेथेही माप बदलत असे. परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. गोदावरीच्या दक्षिणेकडील या तालुक्याची गाडी म्हणजे याच शाखेवरील गंगाखेडची गाडी, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती मीटरगेजची गाडी होती. पूर्णेच्या शेडमध्ये वाफेची इंजिने सांभाळणाऱ्या कामगारांची वसाहत हे तर त्या गावाचे जीवनच होते. १९९२ मध्ये संपूर्ण देशात एकच गेज आणण्याची योजना सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत मनमाड-परभणी-परळी या मार्गांचे रुंदीकरण झाले. ते आवश्यक होते आणि त्याने मराठवाडा मुंबईशी थेट जोडला गेला, यात शंका नाही. मात्र ते इतक्या घाईने झाले, की जुने जपण्याचा विचार करायला कोणाला उसंत मिळाली नाही.

तरीही सर्व काही हातचे गेलेले नाही. मीटरगेजवर काम केलेली अखेरची पिढी पूर्णा, परभणी, गंगाखेड आणि परळी या गावांत निवृत्तीचे आयुष्य जगत आहे, आणि कंदील, पितळी बिल्ले, पुठ्ठ्याची तिकिटे, वेळापत्रके व छायाचित्रे अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. पालम आणि गंगाखेडच्या शाळा-महाविद्यालयांनी या वृद्धांच्या मुलाखती आत्ताच ध्वनिमुद्रित कराव्यात, प्रत्येक वस्तूशेजारी ती कोणी, कोठे आणि कशी वापरली हे लिहून ठेवावे, आणि पूर्णेत किंवा परभणीत मीटरगेजचे एक लहानसे दालन उभारण्याची मागणी रेल्वेच्या नांदेड विभागाकडे लेखी करावी. मोतीबागेला धावत्या गाड्यांची साथ मिळाली होती. येथे ती साथ माणसांचीच उरली आहे, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.