१४५ चा आकडा आणि विरोधकांचे प्रश्न

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांत बहुमताचा आकडा १४५ आहे. १९८५ च्या निवडणुकीनंतर एकाही पक्षाला तो स्वबळावर गाठता आलेला नाही. १९९० पासूनचे प्रत्येक सरकार मित्रपक्षांच्या, छोट्या पक्षांच्या किंवा अपक्षांच्या आधारावर चालले. विरोधी पक्षाच्या कामाची रीतही त्यामुळे बदलली. एकपक्षीय सरकारला अडवायचे तर त्याचा कारभार उघडा पाडावा लागतो. आघाडी सरकारच्या बाबतीत घटक पक्षांमधली फट सापडली तरी पुरते.

फट शोधण्याची साधने जुनीच आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. लेखी उत्तर खात्याने तयार केलेले असते, त्यामुळे खरी परीक्षा उपप्रश्नांत होते. मंत्री एका पक्षाचा, मुख्यमंत्री दुसऱ्याचा आणि चौकशीची मागणी तिसऱ्याच्या खात्याशी जोडलेली असली, की सत्ताधारी बाकांवरून मदतीला कोण उठते आणि कोण कागदात डोके घालून बसते, हे समोरच्यांना स्पष्ट दिसते. लक्षवेधी सूचना, नियम ९७ खालचा स्थगन प्रस्ताव, नियम २९३ खालची चर्चा आणि अधिवेशनाच्या शेवटी येणारा अंतिम आठवडा प्रस्ताव हे मार्गही आहेतच. काठावरच्या सरकारला सर्वांत जास्त धास्ती असते ती अनुदानाच्या मागण्यांवर विरोधक अचानक ‘पोल’ मागतील याची. एखादी मागणी मतदानात पडली तर सरकारने विश्वास गमावला असे संसदीय संकेतानुसार मानले जाते. अशा वेळी प्रतोदांना लॉबीतून आणि कॅन्टीनमधून आपली माणसे गोळा करत फिरावे लागते.

वसई-विरारकरांना हे गणित २००९ पासून जवळून पाहायला मिळाले. त्या वर्षी काँग्रेसला ८२ आणि राष्ट्रवादीला ६२ जागा मिळाल्या. बेरीज १४४, म्हणजे नेमकी एक कमी. हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचे नालासोपाऱ्यातून क्षितिज ठाकूर आणि बोईसरमधून विलास तरे निवडून आले होते. हे दोघे सरकारच्या बाजूने राहिले. वसईतून मात्र बहुजन विकास आघाडीच्या उमेदवाराला हरवून शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष विवेक पंडित निवडून आले. नव्याने स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेतून गावे वगळावीत, ही त्यांची मुख्य मागणी होती. एकाच महापालिकेच्या हद्दीतला एक आमदार सरकारला आधार देत होता आणि दुसरा त्याच सरकारला गावांवरून धारेवर धरत होता. पुढे २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. पाठिंबा देणाऱ्या पक्षाला न रुचणारा हा निर्णय होता, आणि प्रकरण लगेच न्यायालयात गेले. दोन मतांचा आधार देणाऱ्याची प्रत्येक गोष्ट ऐकली जाते, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी सत्तेवर आली. ३० नोव्हेंबरच्या विश्वासदर्शक ठरावाला १६९ मते मिळाली. समोर देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक आमदारांचा एकसंध विरोधी पक्ष होता, हे या सरकारचे खरे दुखणे. फट कुठे होती ते मार्च २०२१ मध्ये दिसले. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली मोटार सापडली आणि काही दिवसांनी त्या मोटारीशी संबंधित ठाण्यातील व्यापाऱ्याचा मृतदेह खाडीत मिळाला. फडणवीसांनी सभागृहात पोलिस अधिकारी सचिन वाझे यांचे नाव घेऊन प्रश्नांचा धडाका लावला. गृहखाते राष्ट्रवादीकडे होते, तर वाझे पूर्वी शिवसेनेत होते. त्यामुळे एका प्रश्नाचा चटका दोन पक्षांना बसत होता. महिना संपण्यापूर्वी वाझे अटकेत होते आणि मुंबईच्या पोलिस आयुक्तांची बदली झालेली होती. ५ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांनीही राजीनामा दिला.

सरकारची धाकधूक अध्यक्षपदाच्या रिकाम्या खुर्चीतही दिसत होती. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडल्यावर जवळजवळ दीड वर्ष निवडणूक झालीच नाही. गुप्त मतदानात मते फुटतील, या भीतीपोटी नियम बदलून उघड मतदानाची सोय करण्यात आली, तरीही मुहूर्त लागला नाही. करोनाचे कारण खरे असले, तरी दोन दिवसांच्या अधिवेशनांचा सरकारला फायदाच होत होता. जुलै २०२१ मधील अशाच अधिवेशनात भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले.

जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत बहुजन विकास आघाडीच्या तीन मतांना सोन्याचा भाव आला. हितेंद्र ठाकूर, क्षितिज ठाकूर आणि राजेश पाटील यांची मते मिळवण्यासाठी दोन्ही बाजूंचे नेते विरारच्या वाऱ्या करत होते. शिवसेनेचा दुसरा उमेदवार पडला, तेव्हा संजय राऊत यांनी ही मते आपल्याला मिळाली नाहीत, असे उघडपणे सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले आणि २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. सभागृहात मतदान झालेच नाही. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकारही असेच गेले होते. शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि दादांनी मतदानाची वाट न पाहता राजीनामा दिला. विरोधकांच्या प्रश्नांनी भिंत पोखरली जाते. ती पाडण्याचे काम मात्र बहुधा आतल्याच माणसांनी केले आहे. २००२ मध्ये विलासराव देशमुख यांचे सरकार १४३ विरुद्ध १३३ मतांनी तरले, त्यातही मतदानापूर्वी अध्यक्षांनी अपात्र ठरवलेल्या सात आमदारांचा वाटा होता.

४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. सदस्य रांगेने उभे राहून क्रमांक सांगत होते. शिंदे गटातील काहींची पाळी आली, की विरोधी बाकांवरून ‘ईडी, ईडी’ असा गलका होई. फडणवीसांनी त्याचा अर्थ ‘एकनाथ-देवेंद्र’ असा लावून घेतला. ठरावाच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मते पडली. दरवाजे बंद होण्यापूर्वी पोहोचू न शकल्याने काँग्रेसचे अशोक चव्हाण यांच्यासह काही आमदार बाहेरच राहिले. बहुजन विकास आघाडीची तीन मते सरकारला मिळाली.

छोट्या पक्षाच्या मताची किंमत सरकारच्या काठावर असण्यावर ठरते. २०२४ मध्ये भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि फुटीनंतर भाजपसोबत गेलेली राष्ट्रवादी ४१ अशी सत्ताधाऱ्यांची २३० ची बेरीज झाली. वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीने गमावल्या. वसईत विवेक पंडित यांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित भाजपकडून निवडून आल्या. विरोधकांपैकी एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागणारा २९ चा आकडा गाठता आला नाही. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना या सभागृहातही येतात, पण उत्तर देणाऱ्या मंत्र्याला मागच्या बाकांवरची डोकी मोजत बसावे लागत नाही.